न जळणारा घागरा

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मामा खुर्चीत बसले होते. मी हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही. मी चहा खाली ठेवला आणि बायकोला बोलावलं.

मामा म्हणजे माझे मामेसासरे. त्यांच्याइतका रागीट माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये दुसरा नव्हता, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. या देशात लोक रागावत नाहीत. दुकानात कुणी कुणाच्या पायावर पाय दिला, तर ज्याचा पाय दुखावला तोच आधी ‘सॉरी’ म्हणतो. अशा देशात, तेही अप्पर हटसारख्या गावात, मामा आठ वर्षं रोज सकाळी सातपासून रागावलेले असत. तो राग सरकारवर नसे, थंडीवर नसे, आमच्यावर तर नसेच. तो सगळा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसवर होता. तिथल्या नाटकगृहांच्या मालकांवर, गॅसच्या दिव्यांवर, आणि बॅले नाचणाऱ्या पोरींच्या अंगावर जे पांढरे झिरझिरीत घागरे चढवले गेले, त्या घागऱ्यांवर. टूटू हा शब्द त्यांना चालत नसे. ‘तो शब्द मागाहून आला, जावईबापू. आधी नुसता घागरा होता. घागराच म्हणा.’ मी घागरा म्हणत असे. रागावलेल्या माणसाशी वाद घालण्याची मला सवय नाही. आता तो राग माझ्याकडे आला आहे आणि मला तो त्यांच्यासारखा खणखणीत करता येत नाही. मी गप्प बसून रागावतो.

मामा इचलकरंजीच्या एका गिरणीत फिनिशिंग खात्याचे प्रमुख होते. विणलेल्या कापडाला खळ द्यायची, इस्त्री द्यायची, त्याला रूप आणायचं, हे त्यांचं पस्तीस वर्षांचं काम. मामी लग्नानंतर चारच वर्षांत गेल्या. पुढे माझ्या बायकोचे आईवडील ती लहान असताना अपघातात गेले, तेव्हा मामांनी तिला रीतसर दत्तक घेतलं, पण बाबा म्हणू दिलं नाही. ‘तुझा बाबा वेगळा होता. मी मामाच बरा आहे,’ असं म्हणून त्यांनी तिला एकट्याने वाढवलं, वेणी घालायला शिकले, शाळेचे झगे शिवले. ती इकडे आली तशी तिने त्यांनाही बोलावून घेतलं. त्यांनी येताना दोन बॅगा आणल्या. एकीत कपडे होते. दुसरीत कापडाचे तुकडे होते.

घागऱ्यांचं वेड लागलं ते आमच्या मुलीमुळे. ईरा सहा वर्षांची असताना शनिवारी बॅलेच्या क्लासला जाऊ लागली. क्लास चर्चच्या हॉलमध्ये भरे, आणि तिला आणायला मामा जात. एकदा वार्षिक कार्यक्रमाच्या आधी बाईंनी सगळ्या मुलींचे घागरे टेबलावर मांडून ठेवले होते. गुलाबी जाळी, तिच्यावर चमकी, कमरेला इलॅस्टिक, आणि सगळं गरम गोंदाने चिकटवलेलं. मामांनी एक घागरा उचलला, अंगठा आणि तर्जनीत चोळला, नाकाला लावला, आणि भर हॉलमध्ये विचारलं, ‘मॅडम, व्हाय आर यू पुटिंग चिल्ड्रन इन मच्छरदाणी?’

‘ओह,’ बाई आनंदाने म्हणाल्या, ‘इज दॅट द फ्रेंच वर्ड?’

बाई मनाने फार मोकळ्या. त्यांनी मामांना एक जुनं सचित्र पुस्तक दिलं, बॅलेच्या पोशाखांचं. मामा ते छातीशी धरून घरी आले. त्यांचं इंग्रजी गिरणीतलं, यंत्रांच्या कागदपत्रांपुरतं. म्हणून रोज संध्याकाळी जेवणाआधी मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं ठरलं. मी वेलिंग्टनला एका सरकारी कचेरीच्या दफ्तरखान्यात काम करतो. दिवसभर जुनी कागदपत्रं लावतो आणि संध्याकाळी आगगाडीने घरी येतो. मला वाचायला सांगितलं तर मी कुठेही बसून वाचतो. ते पुस्तक संपलं, मग मी वाचनालयातून दुसरं आणलं, मग तिसरं. मामा डोळे मिटून ऐकत आणि मध्येच मालकांना शिव्या देत.

त्यातून मामांनी आपली एक मांडणी तयार केली आणि ती ते कुणालाही, कुठेही ऐकवत. शतकाच्या पहिल्या अर्ध्यात घागरा घंटेसारखा होता, पोटरीपर्यंत, पांढऱ्या तलम सुती कापडाच्या थरांवर थर. गॅसच्या उजेडात बाई धुक्यातून चालल्यासारखी दिसे. पुढे इटलीहून आलेल्या नाचणाऱ्यांना पायांची कसरत दाखवायची होती, म्हणून घागरा वर चढू लागला आणि शतक संपता संपता तो कमरेभोवती आडवा उभा राहिला. मंडळाच्या गणपतीत एका पाहुण्याने मामांना सहज विचारलं, ‘काय काका, रमताय का इथे?’ त्यावर मामांनी जेवणाच्या टेबलावरचा कागदी रुमाल ओढून घेतला, स्वतःच्या कमरेला गुंडाळला, आणि पोटरी, गुडघा, मांडी असं करत सगळं शतक त्याला दाखवलं. वाढपी श्रीखंडाचं पातेलं घेऊन मागे उभे होते. बायको मला म्हणाली, ‘अहो, आवरा ना त्यांना.’ मी म्हणालो, ‘गुडघ्यापर्यंत आलेत. थोडंच राहिलंय.’

दर गुरुवारी ते ज्येष्ठांचं फुकट प्रवासाचं कार्ड घेऊन आगगाडीत बसत आणि हट व्हॅलीतली सगळी ऑप शॉप पालथी घालत. इथे लोक घरातल्या वापरलेल्या वस्तू दान करतात आणि त्या ऑप शॉपमध्ये स्वस्तात मिळतात. मामा तिथे जुने पडदे, पलंगपोस, बाळांची अंगडी शोधत. कापड सुती आहे की नायलॉनचं, हे ओळखायला गिरणीतला माणूस एक धागा काढून जाळून बघतो. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते, नायलॉन वितळून त्याची गोळी होते. मामा हे दुकानातच करत. एकदा त्यांनी पडद्याचा धागा काडीने पेटवला आणि वरचा धुराचा भोंगा वाजू लागला. दहाबारा वृद्ध बायका शिस्तीत रांग लावून फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. अग्निशमनाची गाडी आली. मला कचेरीत फोन आला, मी धावत गेलो, तर मामा बंबवाल्याला ती वितळलेली गोळी दाखवत होते. ‘सी? नायलॉन! धिस मेल्ट्स ऑन स्किन! यू शुड अरेस्ट द कर्टन!’ बंबवाला म्हणाला, ‘फेअर इनफ, मेट.’ मामा त्या माणसावर जन्मभर खूश होते. या देशात आपलं म्हणणं समजलेला तो एकटाच, असं ते म्हणत.

एका संध्याकाळी मी पुस्तकात आगीच्या प्रकरणापर्यंत पोहोचलो. मामांना ते अंदाजाने माहीत होतं, तपशील नव्हता. ते झिरझिरीत कापड गॅसच्या उघड्या ज्योतीशेजारून जायचं आणि पेट घ्यायचं. किती पोरी जळाल्या. शतकाच्या मध्यावर कापड आगीपासून वाचवणारं एक द्रावण निघालं होतं, ते वापरा असा हुकूमही होता. पण त्यात बुडवलं की कापड पिवळट आणि ताठ होई, ढगासारखं तरंगत नसे. म्हणून नाचणाऱ्यांनी नकार दिला. पॅरिसमधल्या एका विशीतल्या नर्तकीने तर तसं लिहूनच दिलं. मग तालमीच्या वेळी, बसताना थर चुरगळू नयेत म्हणून तिने घागरा वर उचलला, वारा झाला आणि शेजारची ज्योत कापडाला लागली. ती काही महिने जगली.

मामांनी डोळे उघडले. ‘पुस्तक मिटा,’ म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी दोरी बांधली, पातेली मांडली आणि मला यादी दिली. तांदूळ, टाकणखार, तुरटी, आणखी चारपाच नावं. ‘पोरीची चूक नव्हती,’ ते म्हणाले. ‘फिनिशिंगवाल्याची चूक होती. कापड न जळणारंही हवं आणि पांढरंही हवं, तरंगायलाही हवं. हे त्या गाढवांना करता आलं नाही. मी करतो.’

त्यांना चार वर्षं लागली. गॅरेजमध्ये गाडी ठेवायला जागा उरली नाही. गाडी आठ वर्षं जुनी, ती पावसात उभी राहून दहा वर्षं जास्तीची दिसू लागली. दोरीवर मलमलीचे तुकडे टांगलेले, प्रत्येकाला चिमटा, प्रत्येकावर नंबर. एक पिवळा पडे, दुसरा पापडासारखा वाजे, तिसरा छान दिसे आणि काडी लावताच भुर्र होई. प्रत्येक फसलेला प्रयोग ते वहीत लिहीत, मापांसकट. शेजारच्या बाई कुंपणावरून विचारत, ‘हाउज द ड्रेस कमिंग अलाँग?’ मामा सांगत, ‘बर्निंग!’

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी त्यांनी आम्हा तिघांना ड्राइव्हवेवर बोलावलं. घागरा पुरा झाला होता. शिवण सगळी हाताची, सात थर, कमरेला पट्टा आणि मागे आकडे. ईराच्या मापाचा. ती आता बारा वर्षांची आहे. डिसेंबरातल्या कार्यक्रमात ती तो घालून नाचणार, असं बाईंशी ठरलंही होतं. त्यांनी तो हँगरवर टांगला होता, आणि वारा नसतानाही तो हलकासा हलत होता. पांढरा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मग मामांनी काडी ओढली आणि झालरीला लावली.

‘आजोबा, नो!’ ईरा किंचाळली.

काडी जळून संपली. झालरीवर वाटाण्याएवढा काळा ठिपका पडला होता. बाकी काही झालं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामा हसले नाहीत. ‘दीडशे वर्षांहून जास्त उशीर झाला,’ म्हणाले आणि पातेली घासायला आत गेले.

मी मागोमाग गेलो. ‘मामा, याचं प्रमाण लिहिलंत ना?’

‘चुका लिहून ठेवायच्या, जावईबापू, म्हणजे त्या परत होत नाहीत. जमलेलं हाताला कळतं. ते लिहायला बसलो तर हात विसरेल.’

‘तरी पण.’

‘आणि हे बघा, याला पाणी लावायचं नाही. कधीच नाही. मीठ पाण्यात विरघळतं तसं सगळं उतरेल. घरात सांगून ठेवा.’

मी सांगून ठेवतो म्हणालो. माझ्यावर लोक विश्वास ठेवतात, कारण मी कमी बोलतो. सांगायला हवं ते मी सांगत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

मामा गेल्यावर जॉन्सनव्हिलहून मावशी आल्या. मावशी म्हणजे मामांची धाकटी बहीण, तिथे मुलाकडे असतात. त्या दहा दिवस आमच्याकडे राहिल्या. सुतकात काय चालतं आणि काय नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. बायको रडत असे तेव्हा त्या तिच्या केसांना तेल लावत, आणि स्वतः बाथरूममध्ये नळ सोडून रडत. दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पदर खोचला. दहाव्याला घरातलं सगळं धुवायचं. चादरी, पडदे, टॉवेल, अंगावरचे कपडे, काही ठेवायचं नाही. वॉशिंग मशीन गॅरेजमध्ये आहे. मी बैठकीत बसून भेटायला येऊन गेलेल्यांना आभाराची पत्रं लिहीत होतो.

‘अहो जावईबापू,’ मावशींनी दारातून विचारलं, ‘ते गॅरेजमधलं पांढरं टांगलंय, तेही घालते हं मशीनमध्ये. दादाच्या खुर्चीशेजारीच होतं ना.’

‘हं,’ मी म्हणालो. मी मान वर केली नाही.

मशीन सुरू झालं. मला ते ऐकू येत होतं.

तासाभराने मावशींनी तो बाहेर दोरीवर वाळत घातला, तेव्हा बायकोने खिडकीतून पाहिलं. सातही थर एकमेकांना चिकटून लोंबत होते. पंचा पिळून टाकावा तसे. ती तिथेच खाली बसली. जिन्यावर ईरा उभी होती. ती आमचं मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवशी ती हळू बोलली.

‘ही टोल्ड यू, बाबा. मी तिथेच होते. ही सेड नो वॉटर, एव्हर. अँड शी आस्क्ड यू. आय हर्ड हर आस्क यू.’

एवढ्या बोलण्यात ‘मी तिथेच होते’ एवढंच मराठीत होतं.

मावशींना काय झालं ते समजायला थोडा वेळ लागला. त्यांना तो ईराचा नुसता फ्रॉक वाटला होता. मी सगळं सांगितलं, चार वर्षं, पातेली, पॅरिसमधली मुलगी, काडी. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वहिनी कशाने गेली, ते त्यानं तुम्हाला कधी सांगितलंच नाही का?’

नाही म्हणालो.

‘स्टोव्हपाशी. नायलॉनची साडी होती. पहिल्या दिवाळीला दादानंच आणलेली. त्या वेळी नवलाई होती ना. कापडातला माणूस, आणि त्यानं हौसेनं आणली.’ त्यांनी डोळे पुसले. ‘पोरीला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती. मी आज मोडली. आणि त्याचं हेही मीच धुतलं.’

मला मावशींवर रागावता येत नाही. सत्तरीची बाई, भावाचं घर शुद्ध करत होती. मी मामांवर रागावलो. चुका सदतीस लिहिल्यात, वहीत आहेत, माझ्या हातात आहेत ती पानं. सदतिसाव्यापुढे एक ओळ आहे, ‘जमलं.’ तिच्यापुढे तांदूळ किती, टाकणखार किती, किती वेळ बुडवलं, काही नाही. दफ्तरखान्यात माणसांनी निष्काळजीपणे टाकलेले कागद मी दिवसभर सांभाळतो, आणि माझ्या घरातल्या माणसाने आयुष्यातली एकच गोष्ट जमवली, ती तो हातात घेऊन गेला. हाताला कळतं म्हणे. हात आता कुठे आहे? मी गॅरेजमध्ये उभा राहून हे मोठ्याने विचारलं. आमच्या घरात माझा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी केक आणून दिला.

मग मी आणि बायको कामाला लागलो. वहीतल्या चुका टाळून उरेल ते प्रमाण, असा माझा हिशेब होता. तो पुस्तकी माणसाचा हिशेब होता. तांदळाची खळ केली, टाकणखार घातला, कधी कापड पिवळं झालं, कधी ताठ. तिसऱ्या आठवड्यात बऱ्यापैकी पांढरं आणि बऱ्यापैकी हलकं असं काहीतरी घागऱ्यावर जमलं. उरलेल्या मलमलीच्या पट्टीला तेच देऊन मी काडी लावली. पट्टी माझ्या बोटांपर्यंत पेटत आली.

घागरा पाहून बॅलेच्या बाई म्हणाल्या, ‘इट्स हेवनली. अवर लाइट्स आर एलईडी, दे स्टे कूल, इट्स परफेक्टली सेफ. नोबडी विल नो.’ त्यांना धीर द्यायचा होता. मी ‘थँक यू’ म्हणालो आणि बाहेर येऊन गाडीचं दार जोरात आपटलं. कुणाला कळणार नाही, हेच तर माझं दुखणं होतं. ईरा हा घालणार नाही असं मला वाटलं होतं. तिने तो घातला. ‘इट्स स्टिल हिज स्टिचिंग,’ म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. मी मागचे आकडे लावून दिले. माझ्याशी ती पाच आठवड्यांनी बोलली होती.

ती नाचली. पहिल्या दोन मिनिटांत घागरा तरंगला, अगदी तरंगला, आणि मग हॉलमधल्या उकाड्याने आणि तिच्या घामाने खळ बसली आणि थर खाली आले. ईराने ते ओळखलं. तिने उड्या लहान केल्या, गिरक्या हळू घेतल्या, आणि खाली पडत चाललेल्या कापडाला आपल्या चालीने सांभाळून घेतलं. शेजारी मावशी हात जोडून बसल्या होत्या. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला त्या सगळ्यांचा राग आला. त्यांना वाटलं नाच सुंदर झाला म्हणून उभं राहायचं असतं. मी बसून राहिलो.

त्याला आता सात महिने झाले. गॅरेजमध्ये पुन्हा गाडी राहते. बायको मामींबद्दल मावशींना फोनवर विचारते, थोडं थोडं, दर रविवारी. ईरा माझ्याशी बोलते, अजून पूर्वीइतकं नाही. घागरा वरच्या खोलीतल्या कपाटात टांगलेला आहे. पांढरा आहे, मऊ आहे, आणि काडी लावली तर जळेल.